मरळ आणि बुधीबाईची टाच

मी मरळ बोलतेय, मडक्यातून. तोंडावर झाकण आहे, झाकणावर दगड आहे, आणि माझं अर्धं लक्ष त्या दगडाकडे आहे. तेव्हा बोलण्यात काही मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म गंजाडच्या एका पाड्याखालच्या तळ्यातला. जन्मलो तेव्हा आम्ही शेकडो भावंडं, लालसर, उडदाएवढी. आईबाप दोघंही राखण करायचे, तरी बगळ्यांनी आमची वाट लावली. उरलो ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. भित्रेपणा तेव्हाच अंगात मुरला, आणि त्यानेच मला जगवलं.

आमचं तळं म्हणजे सरळ हिशेब. श्रावणात माणूस बुडेल एवढं पाणी. दिवाळीनंतर पाणी हटू लागलं की बुधीबाई कडेच्या ओलीवर वाल लावणार. म्हातारी, कमरेत वाकलेली, पण हात चपळ. तिची सासूही तिथंच वाल लावायची म्हणे. फाल्गुनात शेंगा काढून झाल्या की गुडघाभर पाण्यात ती मासे धरायची. माझ्या दोन बहिणी तिच्याच कालवणात गेल्या. त्याचा राग नाही. तिचंही पोट आहे.

वैशाखात तळं आटतं. वरून बघाल तर नुसती भेगाळलेली जमीन. आम्ही मरळी खाली चिखलात शिरतो, वर बोटभर भोक ठेवतो आणि त्यातून श्वास घेत पावसाची वाट बघतो. बुधीबाईला ही भोकं अचूक कळतात. सरकारी कागदाला कळत नाहीत, आणि तिथंच माझ्या जिवावर बेतलं.

डहाणूहून मनिषभाई येऊ लागले. जमिनींची कामं करणारे, गोड बोलणारे. ते बुधीबाईला म्हणाले, "आजी, तहसीलवाले पाणथळ जागांची यादी करतायत. तुझं तळं यादीत गेलं की संपलं. वाल नाही, मासे नाहीत, पाय ठेवलास तरी केस. विचारलं तर सांग, इथं पाणी नसतं. मग कोणी हात लावणार नाही."

बुधीबाई घाबरली. घाबरलेल्याला घाबरलेला लगेच ओळखू येतो. तिच्या पावलांचा ठेका बदललेला मला खाली चिखलात कळला.

मग एका सकाळी श्रुतिका मॅडम आल्या, तहसील कचेरीतल्या, हातात फाईल. पाहणी ठरली ती नेमकी वैशाखात. मनिषभाई सावलीसारखे मागं. मॅडमनी चार दिशांना फोटो काढले आणि विचारलं, "मावशी, इथं पाणी किती महिने असतं?"

"नाय असत," बुधीबाई म्हणाली. "पानी नाय, काय नाय."

मी दचकले. अंग हललं आणि माझ्या भोकाच्या कडेची माती ढासळली. बुधीबाईने ते पाहिलं. ती दोन पावलं पुढं आली आणि तिने आपली टाच बरोबर माझ्या भोकावर ठेवली.

अंधार झाला. श्वास बंद. ज्या बाईच्या पायाशी मी लहानाची मोठी झाले, तिच्याच पायाखाली मी गुदमरत होते. आयुष्यात खूप वेळा भ्याले, पण तेवढी कधीच नाही.

"मग शेरा लिहिते," वर मॅडम म्हणाल्या. "पाणी आढळलं नाही. खाली अंगठा द्या."

मनिषभाई बाजूला सरकले आणि फोनवर गुजरातीत बोलले, म्हातारीला कळू नये म्हणून. "सोमवारथी माटी नाखवानुं चालू करजे."

शहाणा माणूस इथंच फसला. बुधीबाईची वीस वर्षं चिकूच्या वाडीत गेलेली, मालक गुजराती. तिला शब्दन् शब्द कळला.

"सोमवारपासून माती टाकनार?" ती म्हणाली. "कुठं, माझे वालाचे जागेवर?"

मनिषभाई हसले. "अरे आजी, ते दुसरं काम."

बुधीबाईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मॅडमना विचारलं, "बाय, यादीत गेलं तं माझे वाल बंद का?"

"बंदी भरावाला आहे, मावशी. तुम्ही वाल लावता, मासे धरता, तेही मी लिहून घेते. पुढचं वरचे साहेब ठरवतील, ते मी सांगू शकत नाही. पण पाणीच नाही म्हटलंत, तर भराव अडवायला माझ्याकडे काही उरत नाही."

टाच उचलली गेली. हवा आली. आणि हवेमागोमाग तिचा हात आला. कोपरापर्यंत चिखलात घालून तिने मला उपसून काढलं आणि मॅडमसमोर धरलं. मी जीव तोडून शेपटी आपटली.

"खोटं बोललू मी," बुधीबाई म्हणाली. "ही मरळ हाय. बिगर पान्याची एवढी वाढली का? लिवा आता."

मॅडमनी फोटो काढला. शेरा खोडून नवा लिहिला. जाताना म्हणाल्या, "मावशी, हरकती येतील. यादी पक्की होईपर्यंत काही खरं नाही."

तेव्हापासून मी या मडक्यात आहे. पाऊस पडला की तळ्यात सोडीन, असं ती म्हणते. सोमवार गेला, गाड्या आल्या नाहीत. पण सडकेवर डंपर घरघरला की मडक्यातलं पाणी थरथरतं आणि मीही.

तुम्हाला एकच विनवणी. आमची मोजणी करायची तर श्रावणात या. आणि वैशाखातच यायचं असेल, तर उभं राहण्याआधी पायाखाली बघा.

आत्ता अंगणात दोन आवाज आहेत, एक बुधीबाईचा, एक पुरुषाचा. काय बोलतायत ते मडक्यात नीट ऐकू येत नाही. तळं राहिलं तर तिचा हात मला सोडायला आत येईल. नाही राहिलं, तर मला जपून ठेवण्यात तिला तरी काय अर्थ? मग कालवणच. दोन्ही वेळा हात तोच असणार.

दगड बाजूला ठेवल्याचा आवाज झाला. झाकण हलतंय.