मुक्या जबड्याची कबुली

मित्रांनो, माझ्यावर आजवर शेकडो कवळ्या बसल्या, पण घास मी एकही चावला नाही. मी दातांच्या दवाखान्यातला एक जुना पितळी जबडा आहे : दोन पट्ट्या आणि मागे बिजागरी. हिरड्यांचे प्लास्टरचे साचे माझ्यावर बसवून कवळीचे दात जुळवतात. ते जुळवणारे काका मला लाडाने 'मुका' म्हणतात.

एकदा बसस्थानकावर घोषणा करणाऱ्या बाईंची कवळी माझ्यावर तयार झाली. दात असे चपखल मिटले की मी मनातल्या मनात मिरवलो. आठवड्यातच बाई परत आल्या.

"डॉक्टर, माइकवर माझ्याआधी दातच खटखट बोलतात हो! साहेब म्हणाले, महिनाभर बघू, नाहीतर दुसरं कुणी बसवू."

"मुक्यावर तर झकास बसतेय!" काका वैतागले.

डॉक्टरबाई हसल्या. "मुक्याला गाल आहेत का, काका?"

चूक मापात होती. "चावा" म्हटल्याबरोबर बाईंनी हनुवटी पुढे काढून मापासाठी तोंडात बसवलेली मेणाची कड चावली होती. पुष्कळजण असेच करतात. मी ते चुकीचे माप इमानेइतबारे जपले होते.

या वेळी डॉक्टरबाईंनी नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर एकेक ठिपका काढला. "आता काही करू नका. आवंढा गिळा. 'म' म्हणा."

"काही करू नको म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच!" बाई हसल्या, खांदे उतरले, गाल सैलावले आणि हनुवटी आपसूक मागे सरकली. ठिपक्यांमधले अंतर मोजून त्यातून तीन मिलिमीटर वजा केले. कारण विसाव्यात दात एकमेकांना टेकतच नाहीत, तेवढी फट राहते! मग जीभ मागे टाळूला लावून बाईंनी हळूच तोंड मिटले. तेच खरे माप.

बाहेरून गाल आणि ओठ दाबतात, आतून जीभ लोटते. त्यांच्यामधल्या निवांत जागेत दात हवेत. हे सगळे स्नायूंना न शिकवता ठाऊक असते. माझ्या बिजागरीला ते जन्मात सुचले नसते.

नवी कवळी बसली. बाईंनी खुर्चीतूनच पुकारा केला, "सहा सत्तावीसची बस फलाट सातवरून सुटेल!" एकही खटका नाही. काकांनी गुपचूप चष्मा पुसला.

आता वारा इकडचा असला की बाईंचा आवाज खिडकीतून येतो. मित्रांनो, तुम्हीही दातांवर दात आवळून बसू नका. गालांना विसावा द्या. माझ्या बिजागरीवर धूळ दिसली तर जरूर पुसा. पण माझ्यावर बरोबर बसले म्हणून माणसाला चूक ठरवू नका.