चोवीस मुलं हजर

“मास्तर, एक चिंचोका उरला जी.”

भागीरथाबाई शाळेच्या ओसरीवर पदर पसरून बसली होती आणि मी, खोटं कशाला सांगू, तिच्याकडे पाहतही नव्हतो. माझे डोळे रस्त्याकडे लागले होते. शाळा तपासायला चांद्याहून साहेब यायचे होते. वळणावर त्यांच्या दमणीचे बैल दिसले.

“उरला तर उरला. ठेवा बाजूला.”

“बाजूले कसा ठेवू? एक लेकरू कमी हाये.”

ही १९५५ सालच्या चैत्रातली गोष्ट. ब्रह्मपुरीपासून दिवसभराच्या वाटेवर, झाडीतलं ते गाव. शाळा गावात आणि अर्धी मुलं मैलभर दूर टोल्यावरच्या वस्तीत राहणारी. मध्ये एक नाला आणि सगळं मोहाचं रान. चैत्रात पहाटे मोहाची फुलं गळतात, अख्खं रान गोड वासानं भरून जातं आणि ती फुलं खायला अस्वलं उतरतात. म्हणून गावानं भागीरथाबाईला नेमलं होतं. विधवा बाई, पन्नाशीची, अंगानं काटक. रोज टोल्यावरची मुलं गोळा करून शाळेत आणून सोडायची, शाळा सुटली की परत न्यायची.

तिला अक्षरओळख नव्हती. पण तिची एक रीत होती. दारात मूल तिच्या हाती देताना आई तिच्या पदरात एक चिंचोका टाकायची. ओसरीवर आली की बाई पदर पसरायची. एकेका मुलानं एक चिंचोका उचलून डब्यात टाकायचा आणि आत जायचं. पदर रिकामा झाला की सगळी पोचली. दोन वर्षांत तिच्या पदरात कधी चिंचोका उरला नव्हता.

आणि मी? मी मॅट्रिक पास. पट बाळगणारा! हजेरीचा पट मी आदल्या संध्याकाळीच भरून ठेवला होता. चोवीस नावं, चोवीस हजर, एकही खाडाखोड नाही. नोकरी कायम व्हायची होती आणि ते साहेबांच्या शेऱ्यावर होतं. घरी माय होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या. ही कारणं मी पुढं इतक्या वेळा स्वतःला ऐकवली आहेत, की आता त्यांचा मलाच वीट येतो.

मी वर्गात डोकावलो. सोमारीची जागा रिकामी होती. सहा वर्षांची पोर, टोल्यावरच्या इसरूची. नेहमी रांगेत शेवटी चालायची.

“लहान्याच्या पायात काटा रुतला म्हनून त्याले मी कडेवर घेतलं,” भागीरथाबाई म्हणाली. “नाल्यापावतर सोमारी मांगं होती. मोह येचाले थांबली असन. मास्तर, दोन-चार मानसं द्या. ढोल, डबे वाजवत जाऊ. मोहाखाली अस्वल असते.”

“आत्ता? साहेब दारात आलेत!”

“साहेबालेच सांगा ना. त्याईलेबी लेकरं असन.”

किती सोपं होतं! सांगितलं असतं तर साहेबही दमणीतून उतरून धावले असते, कोण जाणे. पण ढोल वाजवायचे म्हणजे पट खोटा हे कबूल करायचं. खिडकीशी झाडू नावाचा चार वर्षांचा पोर शेंबूड ओढत आत पाहत उभा होता. गावातला, शाळेत नाव नसलेला. मी बाहेर गेलो, त्याला बखोटीला धरून आणला आणि सोमारीच्या जागेवर बसवला.

साहेब आले. खुर्चीवर बसले. डोकी मोजली, पट पाहिला. चोवीस आणि चोवीस.

भागीरथाबाई दारातून हलली नव्हती. हात जोडून म्हणाली, “साहेब, एक कमी हाये जी.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी हसलो. त्या हसण्याची लाज मला आजही वाटते, बोलण्याहून जास्त. हसून म्हणालो, “अडाणी बाई आहे, साहेब. तिला मोजता येत नाही.”

तिनं वर्गात पाहिलं. झाडूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चिंचोका कमरेला खोचला आणि एकटीच रानाच्या वाटेला लागली.

साहेब दोन तास होते. मुलांनी पाढे म्हटले. माझा आवाज काही कापला नाही. माणूस किती निगरगट्ट होऊ शकतो ते मला त्या दिवशी कळलं. साहेबांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, वहीत शेरा लिहिला, ‘उपस्थिती उत्तम. शिक्षक तळमळीचे.’ दमणी वळणाआड गेली आणि मग तळमळीचे शिक्षक बोंबलत गावात पळाले.

माणसं ढोल, डबे घेऊन निघाली. फार जावं लागलं नाही. नाल्याच्या काठी भागीरथाबाई समोरून येत होती. सोमारीला डाव्या बगलेत धरलं होतं. पोरीला ओरखडासुद्धा नव्हता, फ्रॉकच्या घोळात मोहाची फुलंही तशीच होती. भागीरथाबाईचा उजवा हात मात्र कोपरापासून खाली नुसता लोंबत होता आणि लुगडं रक्तानं भिजलेलं होतं. अस्वल सोमारीवर धावलं तेव्हा ती पोरीवर पालथी पडली होती, असं सोमारीनं सांगितलं. भागीरथाबाई एवढंच म्हणाली, “घ्या इले,” आणि खाली बसली.

तिला बैलगाडीतून ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला. हात राहिला, पण कामातून गेला.

पंधरा दिवसांनी वरून कागद आला. घडलेल्या प्रकाराचा खुलासा करावा. मी चांगला बोरू तासला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सदर बाईस मोजता येत नसल्याने एक मूल परतीच्या वाटेत राहिले. शाळेकडून कोणतीही कसूर झालेली नाही.’ गावाच्या पंचांनाही बाईला मोजता येत नाही असंच सांगितलं. पंचांनी बाईला कामावरून काढलं. मला वाटलं, संपलं प्रकरण.

पण झाडू होता ना! मास्तरानं आपल्याला सोमारीच्या जागेवर बसवलं, हे त्यानं गावभर सांगितलं होतं. त्यात आपल्याला शाबासकी मिळाली असंच त्याला वाटत होतं. बाया पाणवठ्यावर मला पाहून गप्प व्हायला लागल्या. पंचांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी एका संध्याकाळी मी टोल्यावर गेलो. भागीरथाबाई अंगणात डाव्या हातानं मोह वाळत घालत होती. मला पाहून उठली, खाट टाकली, पाण्याचा गडू आणून दिला.

“भागीरथाबाई, मी एक कागद लिहिला...”

“माहीत हाये. कोतवालानं टपाल नेतानी वाचून दाखवला.”

“मी दुसरा लिहितो. खरं काय ते लिहितो. माझी नोकरी गेली तरी...”

“नोका लिहू.”

“का?”

“तुमाले काढलं त इथी दुसरा मास्तर कोन येते? तुमच्या आंधी तीन साल शाळेले कुलूप होतं. पोट्टे दिवसभर ढोरामांगं फिरत. तुमी शिकवता चांगलं. शिकवा.”

आणि काय सांगू, मला हायसं वाटलं. हो! आधी हायसं वाटलं, लाज मग वाटली. थू माझ्या जिनगानीवर. गडूतलं पाणी मी घटाघटा पिऊन टाकलं.

मी उठलो तेव्हा ती मान खाली घालून फुलं पसरत होती.

“मास्तर.”

“काय?”

“दुसरं कायबी लिवाचं होतं जी. बाई म्हतारी झाली म्हना, बाईले दिसत नाई म्हना.” तिनं मान वर केली. “मले मोजता येते.”

मी नुसती मान हलवली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी मुलं आणायला मीच टोल्यावर गेलो. कोणी नेमलं नव्हतं, कोणी नाहीही म्हणालं नाही. दारादारांतून आयांनी मुलं पुढं केली, मुकाट्यानं. शेवटचं घर इसरूचं. सोमारीची माय उंबऱ्यात उभी होती. मी हात पुढं केला. तिनं त्या हाताकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीचं मनगट धरून ती माझ्या अंगावरून पुढं गेली, तडक भागीरथाबाईच्या अंगणात, आणि पोरीचा हात तिच्या डाव्या हातात दिला.

माझ्यामागं अकरा मुलं उभी होती. माझा हात तसाच पुढं होता. तो मागं घ्यावा हेही मला सुचलं नाही.

भागीरथाबाई उठली. सोमारीला घेऊन माझ्यापर्यंत चालत आली आणि पोरीची बोटं तिनं माझ्या मुठीत ठेवली.

“धरा,” ती म्हणाली. “आन नुसतं पुढं पाहून नोका चालू जी. मांगं पाहत जा.”

रान लागेपर्यंत मी दर दहा पावलांना मागं पाहत होतो. मुलं रांगेत येत होती. आणि त्यांच्यामागं, टोल्याच्या तोंडाशी, त्या दोघी उभ्याच होत्या.