शेजारची गावे

वाचकहो, जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर गावे वसविताना एका जावयाची जी कसोटी लागली, तिची हकिगत येथे यथाशक्ती सादर करीत आहे.

जोतीरामांनी पांढऱ्या फळ्यावर रेघ ओढली आणि तिच्याखाली प्रथम भैरेवाडी व मग तळसंगी असे लिहिले. भैरेवाडी हे त्यांचे स्वतःचे गाव, तळसंगी त्यांची सासुरवाडी. कसबा बावड्यातील दूध संघाच्या मेनफ्रेम संगणकावर गावोगावच्या दुधाची नोंद होई आणि तेथूनच प्रत्येक डेअरीत पावती निघे. आता डिस्कचे जुने कपाट जाऊन नवे येणार होते. जुन्यातील कप्पे, ज्यांना व्हॉल्यूम म्हणतात, पुष्कळ पण लहान. नव्यातील मोजके पण प्रशस्त. कोणत्या गावाची फाईल कोणत्या व्हॉल्यूमवर ठेवावी, याचा आराखडा जोतीरामांकडे सोपविलेला होता.

इतक्यात फोन वाजला. तळसंगीहून मेव्हणा गुंडू बोलत होता.

"दाजी, आज बी आमची पावती तुमच्या भैरेवाडीच्या मागनंच आली. जावई संघात हाय म्हणून सांगायची लाज वाटाय लागलीया!"

"नवी डिस्क बसूदे. मग बघ."

"ह्ये दिवाळीपास्नं ऐकतोय की!"

जोतीरामांचे कान तांबडे झाले. या खेपेस गुंडूचे तोंड बंद झालेच पाहिजे, असा त्यांनी मनोमन निश्चय केला. तळसंगीला त्यांनी सर्वांत प्रशस्त व्हॉल्यूमवर, आपल्या गावाच्या मांडीला मांडी लावून बसविले. त्या रस्त्यावरची बाकीची गावेही तेथेच ठेविली. शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

चाचणीच्या सकाळी मात्र नेमका तोच व्हॉल्यूम अडून बसला. बाकीचे निवांत, आणि त्या एकावर रांग. रांगेच्या शेवटी तळसंगी.

त्यांच्या हाताखालची इंजिनिअर क्रांती पडद्याकडे पाहत राहिली.

"सर, एका रस्त्यावरची गावं म्हणजे टँकर एकच. ह्या सगळ्या डेअऱ्या एकाच वक्ताला दूध मापत्यात. जागा ढीग हाय, पण दार एकच."

"म्हणजे जुन्या कपाटात सुद्धा...?"

"तिथंबी तुम्ही दोन्ही गावं एकत्रच ठेवलेली की. तुमच्या गावचं दूध दांडगं. सासुरवाडी कायम पाठीमागं."

जोतीराम चष्मा पुसू लागले. काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिले. मग उठून त्यांनी फळ्यावरची तळसंगी तळहाताने पुसली आणि घाटाकडील गावांच्या व्हॉल्यूमखाली नेऊन लिहिली. तिकडचे दूध उशिरा मापले जाई. अक्षर थोडे वाकडे आले.

"वहिनींना काय सांगणार?" क्रांती हसली.

"तू सांगू नको म्हणजे झालं."

त्या रस्त्यावरची इतर गावेही त्यांनी अशीच विखुरली. दुसऱ्या चाचणीत कोठेही रांग लागली नाही. नवे कपाट सुरू झाले, त्याच सकाळी गुंडूचा फोन आला.

"दाजी, दूध वतल्या वतल्या पावती हातात! पर वांदा झालाय."

"आता आणि काय?"

"पावतीची वाट बघत कट्ट्यावर माणसं बसायची. आज समदी किटल्या घिऊन सुटली. बोलाय कोण न्हाय."

"मग परत मागं ठेवू का?"

"नगो, नगो!" गुंडू घाईने म्हणाला, "रविवारी अक्काला घिऊन या की. पावती सोडून आपण कधी बोललोयच कुठं?"

जोतीराम "येतो" म्हणाले. फोन ठेवून त्यांनी लगेच पत्नी अंबूबाईंना लावला आणि, रविवारी नेण्यासाठी तुझ्या भावाला खायला काय आवडते, असे विचारले.

येथवर सोबत केल्याबद्दल वाचकांचे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
शामराव बाबू चौगुले, कसबा बावडा