पंपाशेजारचा रडका

मी एक जुना भूकंपमापक आहे, आणि मित्रांनो, मी जन्माचा भित्रा आहे. हसू नका. माझं कामच मुळी धसका घ्यायचं. जमीन किती हलली ते मोजायचं आणि दूरच्या केंद्राला कळवायचं. देशभर माझी भावंडं अशीच कान टवकारून बसली आहेत. आम्ही पाठवलेल्या आकड्यांवरून केंद्रात हादऱ्यांचा नकाशा तयार होतो. थोडं हललं तिथे हिरवा रंग, जास्त हललं तिथे पिवळा, आणि घरं पडली असतील तिथे लाल. लाल दिसेल तिकडे मदतीच्या गाड्या आधी धावतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी ऐट काय वर्णावी! मग एका इस्पितळाच्या तळघरात मला काँक्रीटच्या ओट्यावर बोल्ट आवळून बसवलं आणि तिथेच माझं नशीब फुटलं. भिंतीपलीकडे पाण्याचा पंप होता. तो सुरू झाला की मी हादरायचो आणि इमानेइतबारे कळवायचो. केंद्रात आधी धावपळ व्हायची, मग हशा पिकायचा. "रडका रडायला लागला," म्हणायचे. शेवटी तिथल्या साहेबांनी नियमच केला, की माझा आकडा शेजारच्या भावंडांच्या मानाने फार मोठा आला तर तो आपोआप बाजूला पडावा. आता माझे शेजारी बसलेत डोंगरावर, पक्क्या कातळावर. मी मात्र बुजवलेल्या तळ्याच्या भुसभुशीत मातीवर. माती जास्त हलणारच. पण रडक्याचं ऐकतो कोण?

माझ्याकडे माणसं दोनच फिरकायची. एक इस्पितळातली सफाईवाली मावशी. "काय रे डबड्या, बरा आहेस ना?" असं विचारत ती मला पुसायची, आणि माझ्या डोक्यावर कुणाला खोकं ठेवू द्यायची नाही. दुसरी केंद्रातली ताई, नकाशा काढणारी. एकदा तिने माझ्यासाठी नवी बॅटरी मागितली. साहेब म्हणाले, "रडक्याला कशाला हवी?" ताई म्हणाली, "वीज गेल्यावर तिथून बोलणारं दुसरं आहे कोण?" आणि ती बॅटरी घेऊनच आली.

मग तो दिवस उजाडला. भर दुपारी मावशी तळघराची फरशी पुसत होती. आधी खालून एक बारीकसा धक्का आला. तो मला कळला, मावशीला नाही. मला तिला सांगता येईना. मला तोंडच नाही. पाठोपाठ जमीन अशी उसळली, की बोल्ट नसते तर मी छतालाच लागलो असतो. जिना ढासळला. लोखंडी कपाट मावशीच्या पायावर पडलं. दिवे गेले, पंप बंद पडला.

अंधारात मावशी आधी वरच्यांना हाका मारत राहिली. कुणी ओ दिली नाही. मग हळूच म्हणाली, "डबड्या, तू तरी सांग रे कुणाला."

मी सांगितलं होतं. पण मग तो नियम आठवला. माझा आकडा मोठा, म्हणजे तो बाजूला पडणार. कातळावरचे शेजारी बेताचंच सांगणार, आमचं गाव नकाशावर पिवळं दिसणार आणि गाड्या भलतीकडे जाणार. एवढी भीती मला भूकंपाचीही वाटली नव्हती.

केंद्रात काय झालं ते मला पुढे ताईच्या तोंडून कळलं. गाव पिवळंच दिसत होतं. बाजूला पडलेला माझा आकडा तिने साहेबांना दाखवला. साहेब म्हणाले, "त्याचं रोजचंच आहे. पंप लागला असेल."

"साहेब, तो बॅटरीवर बोलतोय. तिथली वीज गेलीय. मग पंप कशावर चालतोय?"

मग साहेबांनी स्वतःच्या हाताने तो नियम काढला, आणि आमचं गाव लाल झालं.

इकडे मावशीचा आवाज थांबला होता. मागाहूनचे धक्के येत होते, आणि दर धक्क्याला मला वाटे, आता उरलेलं छतही तिच्यावर येणार. मग वरून एक निराळाच हादरा आला. ठक, ठक. घणाचे घाव होते ते, आणि खूप माणसांची पावलं. मी तेही केंद्राला कळवलं. मावशीला बाहेर काढलं तेव्हा तिचा श्वास चालू होता.

मित्रांनो, आमच्याशेजारी पंप बसवू नका, आमची बॅटरी मरू देऊ नका. आणि कुणी रोज रडतो म्हणून कानात बोळे घालू नका. आज तो कशाला रडतोय, एवढं तरी बघा.

पंप आता लांब हलवलाय. मी अजून भित्राच आहे. पण सकाळी नव्या जिन्यावर पावलं वाजतात, एक जड, एक हलकं, आणि मी तो एवढासा हादरा केंद्राला पाठवतो. नकाशात त्याला जागा नाही. ताई तो बघते आणि म्हणते, "मावशी कामावर आल्या."