बावन्न सह्या

मित्रांनो, मी एक जुना शॉवर आहे. आंघोळीचा नव्हे हं! विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, दाराशेजारी, डोक्याच्या वर एक पिवळं ताट टांगलेलं दिसतं ना, तो मी. कोणाच्या अंगावर ॲसिड उडालं, की त्यानं माझ्याखाली यायचं, तिकोनी कडी खाली ओढायची आणि मी धो धो कोसळायचं. एवढंच माझं काम. आणि हो, मी भारी खुनशी आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुरकुर नको.

मी पहिल्यापासून असा नव्हतो. कारखान्यात मला घडवलं, तपासलं, खोक्यात भरलं आणि इथं आणून बसवलं. तेव्हाच्या सुपरवायझर बाई मोठ्या करड्या होत्या. दर सोमवारी सकाळी त्या माझ्याखाली बादली ठेवायच्या आणि स्वतः कडी ओढायच्या. पाइपात साचलेलं पाणी आधी गढूळ यायचं. ते नितळ होईपर्यंत बाई जागच्या हलायच्या नाहीत. मग शेजारच्या कार्डावर त्या सोमवारच्या चौकोनात एक सही करायच्या आणि म्हणायच्या, "शाबास रे गड्या!" तेवढ्यावर माझा आठवडा मजेत जायचा.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी सर आले. दिसायला भले, बोलायला गोड. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी ते चहाचा कप घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मला वाटलं, आता कडी ओढतील. कसलं काय! त्यांनी नवं कार्ड टेबलावर ठेवलं आणि वर्षाच्या बावन्न चौकोनांत बावन्न सह्या ठोकल्या. एका बैठकीत! त्याही कशा, तर काही निळ्या पेनानं, काही काळ्या पेनानं, म्हणजे बघणाऱ्याला खऱ्या वाटाव्यात. चहा संपायच्या आत काम फत्ते.

त्या वर्षी मी जरा ठिबकत होतो, हे कबूल. वॉशर बदलायला दहा मिनिटं लागली असती. पण सरांनी माझ्याखाली फायलींची खोकी रचली होती, आणि ती भिजायला लागली. मग त्यांनी प्लंबरला बोलावून छताजवळचा माझ्या पाण्याचा कॉकच बंद करून टाकला. वर माझ्या कडीला स्वतःची छत्री अडकवली. छत्री! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. त्याच दिवशी मी डूख धरला.

प्रयोगशाळा झाडणाऱ्या आणि काचेची भांडी धुणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे. त्यांच्या हे लगेच लक्षात आलं.

"सर, ह्याला पाणीच नाही. उद्या कोणाला गरज पडली तर?"

"मावशी, तुम्ही भांडी धुवा. सुरक्षेचं बघायला मी आहे ना."

डोंबल बघत होते!

ऑगस्टमधल्या एका बुधवारी, भरदुपारी, ते झालं. कोणीतरी फळीवर ॲसिडनं भरलेलं भांडं तसंच सोडलं होतं. मावशींनी ते रिकामं समजून खाली ओढलं आणि उजव्या खांद्यापासून मनगटापर्यंत सगळं सांडलं. मावशी किंचाळत माझ्याकडे धावल्या. खोकी लाथेनं बाजूला सारली. कडी ओढली. छत्री खाली पडली. बाकी काही पडलं नाही, एक थेंबसुद्धा नाही. त्या पुन्हा पुन्हा कडी ओढत होत्या आणि मी वर कोरडा ठणठणीत लटकत होतो. मित्रांनो, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अखेर एका विद्यार्थिनीनं फरशी पुसायची बादली नळाखाली भरून आणली आणि त्यांच्यावर ओतली. पण ती भरेपर्यंत ॲसिड थोडंच थांबतं?

मावशी दवाखान्यात असताना सरांनी अहवाल लिहिला. "शॉवर सुस्थितीत होता. कर्मचारी महिलेने त्याचा वापर केला नाही. निष्काळजीपणा तिचाच." म्हणजे हातही गेला आणि आता नोकरीही जाणार! सरांनी खोकी हलवली, छत्री उचलली आणि केस नीट विंचरून चौकशीला उभे राहिले.

चौकशीला विद्यापीठाच्या सुरक्षा अधिकारी मॅडम आल्या. हाताला पट्ट्या बांधलेल्या मावशीही दारात उभ्या होत्या.

"शॉवर शेवटचा कधी तपासला?" मॅडमनी विचारलं.

"दर सोमवारी तपासतो, मॅडम. हे कार्ड बघा ना!"

सह्या आहेत एवढंच सरांना आठवलं, किती आहेत ते विसरले. मॅडमनी कार्ड खालपर्यंत वाचलं. "आज ऑगस्टची वीस तारीख. तुम्ही डिसेंबरचा शेवटचा सोमवारसुद्धा तपासून ठेवलाय?"

सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. पण माझं समाधान एवढ्यावर थोडंच होणार होतं! मॅडम म्हणाल्या, "ओढा कडी." सरांनी माझ्याखाली येऊन कडी ओढली. पाणी नाही. "दाब कमी असेल," ते पुटपुटले. मॅडमनी प्लंबरला शिडीवर चढवलं.

"कॉक बंदच आहे," तो वरून ओरडला. "सर, तुम्हीच नव्हतं का सांगितलं, फायली भिजतात म्हणून?"

आणि त्यानं कॉक उघडला. सर अजून कडी धरूनच उभे होते. मी मागंपुढं पाहिलं नाही. पाइपात सडलेलं तांबडं, घाणेरडं, गंजकट पाणी मी त्यांच्या विंचरलेल्या डोक्यावर असं ओतलं, की बस! सगळं उट्टं काढलं. कोणी हसलं नाही. मी मात्र वर मनसोक्त खिदळलो.

मावशींची नोकरी राहिली. सरांचं पद गेलं, आणि आता नव्या सुपरवायझरच्या देखत दर सोमवारी बादली घेऊन माझ्याखाली त्यांनाच उभं राहावं लागतं. पहिलं गढूळ पाणी मी आठवणीनं त्यांच्या बुटांवर उडवतो. पाणी नितळ झालं, की मावशी कार्डावर सही करतात. डाव्या हातानं, वेडीवाकडी, एका वेळी एकच.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही कुठे असं कार्ड लटकत असेल. नुसत्या सह्या बघून पुढे जाऊ नका. मोठ्यांना म्हणा, आमच्यासमोर चालवून दाखवा. आणि ते चाललं नाही, तर गप्प बसू नका.

सरांना आता तरी माफ कर, असं तुम्ही म्हणाल. नाही करणार. मावशींचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही. परवा त्यांनी त्याच हातानं माझी कडी ओढून पाहायचा प्रयत्न केला. ती त्यांच्या हाताला आली नाही.