शाळा बंद ठेवणारा तवा

मी बिडाचा तवा बोलतोय. दांडा आखूड, काठ दोन बोटं उंच, वजन साडेतीन किलो. मी शाळेत गेलो नाही. मला वाचता येत नाही. पण आमच्या केंटकीच्या डोंगरातल्या तालुक्यात हिवाळ्यात शाळा भरायची की नाही, हे एकोणीस वर्षं मी ठरवलं. बढाई मारत नाही. कागदोपत्री नोंद आहे.

माझा जन्म ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात लाल रस ओतला आणि मी झालो, दांड्यासकट, एका तुकड्यात. आजच्या भांड्यांना बुडाला एक धातू, वर दुसरा, आणि दांडा स्क्रूने बसवलेला. त्यांच्याशी मी बोलत नाही.

हर्शेल स्टॅम्परच्या आजीने मला विकत घेतलं. डुकराच्या चरबीचे हात देऊन देऊन तिने मला काळा कुळकुळीत केला. मला साबण लावायचा नाही, हा तिचा एकच नियम होता. एका सुनेने लावला. पुढची तीन वर्षं तिला नाताळच्या जेवणाला बोलावणं गेलं नाही. योग्यच झालं.

आजी गेल्यावर मी हर्शेलकडे आलो. हर्शेल शाळेच्या बसगाड्यांचा मेस्त्री. त्याच्या बायकोने काचेची शेगडी घेतली. काचेवर मला ठेवलं की चरे पडतात. ती म्हणाली, "एक तर हा राहील, नाही तर मी." हर्शेलने दोन दिवस विचार केला आणि मला गॅरेजमध्ये आणलं. तिथे पहाटे चालकांसाठी माझ्यावर अंडी आणि बलोनीचे, म्हणजे जाड सॉसेजचे, काप तळायचा. कामाची जागा होती. मला आवडली.

गॅरेज टेकडीवर आहे. समोरून रस्ता सरळ खाली ओढ्याकडे उतरतो. निम्म्या उतारावर गोल्डी टॅकेट मावशीचं घर आणि घरासमोर खांबावर तिची पत्रपेटी. त्याच्याही खाली एक वळण आहे, आणि वळणाला ओढा. कठडा नाही. वाइल्डा नेपियर रोज सकाळी मागच्या डोंगरावरची सव्वीस मुलं बसमध्ये घेते आणि भरलेली बस या उतारावरून खाली आणते.

बर्फ पडला तर अडचण नसते. पांढरा दिसतो, माणूस घाबरतो, घरी बसतो. वाईट असतो तो पाऊस. रात्री पडतो आणि पहाटेपर्यंत रस्त्यावर त्याची काच होते. रस्ता नुसता ओला दिसतो. अशा दिवशी शाळा बंद ठेवली आणि दहाला ऊन पडलं, तर आईबाप शिव्या देतात. उघडी ठेवली आणि कोणी घसरलं, तर त्याहून मोठ्या देतात. या शिव्या डेन्झिल फ्युगेटच्या नावाने असतात. तो शिक्षणाधिकारी. पहाटे साडेपाचच्या आत त्याने रेडिओला कळवायचं असतं.

एकोणीस वर्षांपूर्वी तो नवा होता. पहाटे गॅरेजच्या दारात उभा राहून "बंद. नको, उघडी. नको, बंद," असं करत होता. हर्शेल मला पुसत बाहेर आला आणि त्याचा पाय सरकला. मी हातातून सुटलो. उताराला लागलो, पत्रपेटी ओलांडली आणि ओढ्याच्या काठावर थांबलो. डेन्झिलने वरून ते पाहिलं. मग डेन्झिलने फोन उचलला आणि "बंद" म्हणाला. त्या दिवशी शेजारच्या तालुक्यात दोन बस आडव्या झाल्या. आमची एकही नाही.

पुढच्या वेळी डेन्झिल आला तो विचारतच, "हर्शेल, तवा कुठाय?"

असा नियम पडला. मी पेटीच्या अलीकडे थांबलो तर शाळा उघडी. पलीकडे गेलो तर बंद. बरोबर पेटीपाशी थांबलो तर शाळा दोन तास उशिरा. शाळा मंडळाने ठराव केला, मला 'रस्ता तपासणी साधन' म्हटलं आणि एक छापील अर्ज काढला. त्यात हवा, वारा, तापमान आणि शेवटी 'तवा' असे रकाने होते. पहिले तीन कोणी भरत नसे.

लोक माझी चौकशी करू लागले. चर्चमध्ये माझ्यासाठी प्रार्थना व्हायची. अर्धे लोक मी थांबावं म्हणून करायचे, अर्धे मी पुढे जावं म्हणून. एकदा हर्शेलला माझ्या बुडाला चरबीचा जाड थर सापडला. सगळ्यांनी पोरांवर संशय घेतला. निघाले गणिताचे मास्तर.

खाली गेलेला तवा गोल्डी मावशी उचलून घरात न्यायची. हर्शेल मागायला गेला की दार किलकिलं करून म्हणायची, "दुपारी ये. माझा मक्याचा ब्रेड होतोय त्यात."

"मावशी, सरकारी वस्तू आहे ती."

"मग सरकारला सांग, लोणी आणून दे."

मला तिचा राग नव्हता. ब्रेड चांगला व्हायचा.

आता त्या दिवसाचं सांगतो.

वर्षाला दहा दिवस शाळा बंद ठेवता येते. त्या फेब्रुवारीपर्यंत अकरा झाले होते. पुढचा प्रत्येक दिवस जूनमध्ये भरून द्यावा लागणार होता. डेन्झिल किराणा दुकानात गेला तरी लोक टोमणे मारत. "काय डेन्झिल, यंदा शाळा आहे का आपल्याकडे?" तो चिडला होता. पहाटे पाचला आला तेव्हा दारातूनच म्हणाला, "टाक."

हर्शेल बलोनी तळत होता. "गरम आहे रे. वीस मिनिटं थांब."

"मला वीस मिनिटं नाहीत. गरम असला तर काय झालं? तव्याला काय भाजतंय?"

"पोरा, गार तव्यानेच टाकतो आपण. एकोणीस वर्षं."

"हर्शेल, टाक."

हर्शेलने काप ताटलीत काढले, फडक्याने मला धरलं आणि उतारावर सोडलं.

बाहेर काच होती. मी आयुष्यात इतका गुळगुळीत रस्ता पाहिला नव्हता. गार असतो तर ओढा ओलांडून पलीकडे गेलो असतो. पण मी चर्र करत बर्फात रुतलो. दहा पावलं गेलो, खळगा केला आणि त्यात बसलो. खालचं पाणी लगेच गोठलं. मला जागचं हलता येईना.

डेन्झिल म्हणाला, "अलीकडे. उघडी." आणि रेडिओला फोन करून तसं सांगितलं. अर्जावर सही केली.

वाइल्डा बसची किल्ली घेऊन आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. "तवा खोटं बोलतोय."

हा माझा अपमान होता. आणि ती खरं बोलत होती.

"एकोणीस वर्षांत कधी चुकला तो?" डेन्झिलने विचारलं.

"आज."

"तुला सुट्टी पाहिजे म्हण ना सरळ."

"डेन्झिल, तू तिसरीत असताना माझी वही बघून लिहायचास आणि तरी चुकायचास. मला शिकवू नकोस." ती मला उचलायला निघाली. मी गोठलेलो. तिने दांडा धरून ओढला, तो हातातून निसटला, आणि ती मट्‌कन खाली बसली. बसली तशीच घसरू लागली. ओरडली नाही. किल्ली छातीशी धरून पत्रपेटी ओलांडली, मावशीचं फाटक ओलांडलं आणि वळणावर, ओढ्यापासून दोन हातांवर, एका झुडपात अडकून थांबली.

हर्शेल म्हणाला, "पेटीच्या पलीकडे."

"नियम तव्याचा आहे," डेन्झिल म्हणाला. "वाइल्डा तवा नाही."

"वजन जास्त आहे एवढंच."

"ऐकू येतंय मला," खालून वाइल्डा म्हणाली.

"अर्जात कुठे लिहिलंय माणूस घसरला तर बंद म्हणून?" डेन्झिल म्हणाला. "रस्ता ठीक आहे. ती नीट चालली नाही. मी दाखवतो." आणि तो रविवारचे बूट घालून उतरायला लागला, एका हातात फोन घेऊन. माझ्याशेजारून तो उभा गेला. पुढे पाच पावलांवर आडवा झाला. तिथून गेला तो थेट पत्रपेटीच्या खांबाला धडकला आणि दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली.

खिडकी उघडून गोल्डी मावशीने डोकं बाहेर काढलं. "आज तवा नाही आला? माणसं का पाठवताय?"

"तवा वर अडकलाय मावशी," वाइल्डा म्हणाली. "साहेब बरोबर पेटीपाशी थांबलेत. म्हणजे दोन तास उशीर."

डेन्झिलच्या हातातला फोन मात्र थांबला नव्हता. तो उजेड पाडत खाली गेला, वळणापर्यंत गेला आणि वाइल्डाच्या बुटाला लागला. तिने उचलला. रेडिओचा नंबर वरच होता. तिने लावला आणि आवाज मोठा केला.

"शाळेचं सांगायचंय. वाइल्डा बोलतेय."

"सांगितलं की मगाशी, उघडी आहे म्हणून," रेडिओवाला म्हणाला. "का, तवा गेला का पुढे?"

"तवा नाही. मी गेले. हा फोनही गेला."

"फोन घसरला म्हणून मला ठरवता येत नाही, वाइल्डा. डेन्झिलनेच सांगायला पाहिजे."

वाइल्डाने फोन वर धरला. तिच्या मागे ओढ्याचं पाणी वाजत होतं. "डेन्झिल, सांग."

"हर्शेल," डेन्झिल खांबावरून म्हणाला, "तवा काढ. गार झाला असेल. परत टाकून बघू."

"तव्याला राहू दे," वाइल्डा म्हणाली. "तू इकडे बघ. मी कुठे बसलेय बघ. सव्वीस मुलं घेऊन इथून उतरू का, तेवढं सांग."

डेन्झिलने मान वळवली. वळण पाहिलं. ओढा पाहिला. एकोणीस वर्षांत त्याने तो रस्ता बघितलाच नव्हता. तो मला बघायचा. खांबाची मिठी आणखी घट्ट केली. मग म्हणाला, "नको."

"रेडिओला सांग."

"बंद," तो मोठ्याने म्हणाला. "शाळा बंद आहे."

रेडिओवाल्याने विचारलं, "कारण काय लिहू? दर वेळी मी तवा लिहितो."

"माझं नाव लिही," डेन्झिल म्हणाला.

उजाडल्यावर मावशीने चुलीतली राख उतारावर टाकली. त्या राखेवरून दोघं चढून वर आली. आणि हर्शेलने, एवढा मेस्त्री माणूस, मला सोडवायला माझ्यावर उकळतं पाणी ओतलं. गार बिडावर उकळतं पाणी. मी काठापासून काठापर्यंत तडकलो. तो माझ्याजवळ उकिडवा बसला आणि फडक्याने मला पुसत राहिला. मी त्याला माफ केलं. तो घाईत होता.

आता मी अंडी तळत नाही. तडीतून चरबी गळते. गॅरेजचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला त्याच्याशी टेकवून ठेवतात. वाळवी लागत नाही, गंज चढू देत नाहीत. हर्शेल अजून महिन्यातून एकदा चरबीचा हात देतो. गरज नाही. देतो.

डेन्झिल आता पहाटे स्वतः उतरतो. हातात काठी, बुटांना साखळ्या. वळणापर्यंत जातो, ओढा बघतो, परत वर येऊन फोन करतो. लोक अजून शिव्या देतात. अर्जावरचा तव्याचा रकाना त्याने खोडलाय. मला वाईट वाटलं. दोन दिवस.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. तुमच्याकडेही असा एखादा तवा असेल. त्याला विचारा, माझी हरकत नाही. पण गार करून विचारा, आणि त्याने काही सांगितलं तरी एकदा खाली जाऊन या.

एकोणीस वर्षांत मी एकदा चुकलो. त्या दिवशी सव्वीस मुलं घरी राहिली, ती माझ्यामुळे नव्हे. कबूल करतो.