आधी पाणी

"आधी पाणी, भाभी! शॉवरखाली या, बाकी सगळं नंतर!"

एकनाथ पाष्टे धावता धावताच ओरडला. जहूरच्या फोर्कलिफ्टचा काटा थिनरच्या ड्रममध्ये घुसला होता. ड्रमच्या कुशीतून उडालेल्या पिचकारीनं समोर फरशी पुसणारी खुदेजा मानेपासून पायापर्यंत भिजली होती. डोळे झोंबत होते, घशात वास अडकला होता, आणि फरशीवरून थिनरचा पातळ ओघळ गटाराच्या दिशेनं सरकत होता.

ओमानमधल्या रुसैलच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात एकनाथ शिफ्टचा सुपरवायझर होता आणि आणीबाणीच्या पथकाचा प्रमुखही. पथकानं त्या दिवशी काही चूक केली नाही. वाळूचा बांध पडला, गटाराचं तोंड झाकलं गेलं, सांडलेल्या थिनरवर फेसाची जाड चादर पसरली. कुठे ठिणगी पडली नाही. राहिली होती ती एकटी खुदेजा, आणि ती एकनाथच्या वाट्याला आली होती.

सेफ्टी शॉवर उघड्या आवारात होता. तो बसवला तेव्हा कारखान्यात एकही बाई कामाला नव्हती. खुदेजा त्याच्या दांड्यापाशी आली आणि तिथेच थबकली. समोर सावलीला गोळा झालेली सगळी शिफ्ट उभी होती, बंगाली, पाकिस्तानी, मल्याळी, दोन-चार ओमानी पोरं. सगळ्यांची नजर तिच्यावर.

"अबाया काढावा लागेल," एकनाथ म्हणाला. "अंगावर पाणी सोडतो आणि कातरीनं कापतो. आतले कपडेपण."

खुदेजानं दोन्ही मुठींनी त्या काळ्या पायघोळ झग्याचं कापड गळ्याशी घट्ट धरलं. "नको रे भावा. इथं नको. एवढ्या बाप्यांसमोर नको. मी आत जाऊन बदलते."

एकनाथचा हात शॉवरच्या साखळीवर होता. साखळी ओढली असती तर काम झालं असतं. बाई ओरडली असती, रडली असती, पण पाणी अंगावर आलं असतं. त्याला ते माहीत होतं. दर कवायतीत तो हेच शिकवायचा, हिंदीत, मोडक्या अरबीत, हातवारे करून. थिनरनं भिजलेला नायलॉनचा कपडा कोरड्या हवेत डोक्यावरून ओढला की त्यातून ठिणगी पडू शकते. वाफेला तेवढी ठिणगी पुरते. म्हणून आधी पाणी, आणि कपडे पाण्याखालीच कापायचे. माणूस नको म्हणाला तरी.

पण त्याच्या डोळ्यांसमोर भलतंच आलं. गेल्या वर्षी पॅकिंगच्या एका सुपरवायझरनं एका कामगार बाईच्या खांद्याला हात लावला अशी तक्रार झाली होती. खरं-खोटं कुणी बघितलं नाही. आठवड्याच्या आत त्याला विमानात बसवलं होतं. आणि इथे तर एका मुसलमान विधवेचे कपडे, उघड्या आवारात, आपल्या हातांनी, सगळ्यांच्या देखत.

त्यानं साखळी सोडली.

"बरं," तो म्हणाला. "चेंजिंग रूममध्ये जा. लवकर करा."

तो दारापर्यंत तिच्यासोबत गेला आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला. जानेवारी होता. आत एसीनं आणखी कोरडी केलेली हवा. कडी लागल्याचा आवाज त्यानं ऐकला. मग कापड ओढल्याची सळसळ. आणि मग भक्क असा एक आवाज, गॅसची शेगडी उशिरा पेटावी तसा, आणि त्यामागोमाग खुदेजाची किंकाळी.

खांद्याच्या धडकेनं त्यानं दार तोडलं. भिंतीवरचं आग विझवायचं ब्लँकेट ओढलं, तिला त्यात गुंडाळलं, आडवं केलं, विझवलं. तेव्हा तिला कुठे कुठे हात लागला याचा विचार त्याच्या मनात आला नाही. तेव्हा सगळं कसं बरोबर जमलं.

खुदेजा परकार वाचली. मान, हनुवटी, डावा गाल आणि दोन्ही हात भाजले होते. ती बरेच दिवस इस्पितळात होती.

चौकशीत सेफ्टी मॅनेजर सालेमनं त्याला समोर बसवून विचारलं, "एकनाथ, तू तो सबको सिखाता है. पानी क्यूँ नहीं डाला?"

"बाईने मना किया."

सालेमनं मान डोलावली. "औरत का मामला है. मैं समझता हूँ." खुदेजानंही इस्पितळातून तेच सांगितलं होतं. मीच अडवलं, त्याला दोष देऊ नका. प्रकरण मिटलं. थोड्याच दिवसांत शॉवरभोवती निळा पडदा आला.

आणि मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. लोक एकनाथला मान द्यायला लागले. जहूर, जो तोवर त्याच्याशी कामापुरतं बोलायचा, एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाला, "भाईजान, उस दिन आपने जो अदब रखा, हम में से कोई न रखता." कँटीनमधला पोऱ्या त्याच्या चहात जास्त दूध घालायला लागला. माबेलातल्या घरी त्याची बायको विशाखाही एकदा कौतुकानं म्हणाली, "शाळेच्या बसपाशी बायका विचारत होत्या, प्रियांकाचे बाबा तेच का म्हणून. अहो, किती चांगलं बोलतात तुमच्याबद्दल."

"कशाला बोलतात?" एकनाथ एकदम खेकसला. "काम नाही त्यांना दुसरं?"

तो उठून गॅलरीत गेला. त्याचे कान तापले होते. या सगळ्यांनी आपल्याला भेकड म्हटलं असतं तर आपण नीट झोपलो असतो, असं त्याला वाटलं.

खुदेजा घरी आल्याचं कळूनही तो गेला नाही. आज कामाचा थकवा, उद्या गाडीचं सर्व्हिसिंग. शेवटी विशाखानंच खजुराचा डबा हातात दिला. "जाऊन या. तुमच्याकडची माणसं ती. खाडीच्या पल्याडची."

ते खरं होतं. तो धोपाव्याचा, खुदेजा दाभोळची. कारखान्यात पहिल्यांदा ओळख झाली तेव्हा ती हसून म्हणाली होती, "म्हणजे तू आमच्या समोरचा की रे!"

वादी अदाईत डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर ती मुलाकडे राहायची. मुलगा सुफियान मत्रहच्या बाजारात कापडाच्या दुकानात होता. एकनाथला सगळ्यात जास्त धास्ती त्याची होती. पण त्यानं दार उघडलं, एकनाथला बघितलं आणि काही न बोलता त्याला मिठीच मारली.

खुदेजा पलंगावर टेकून बसली होती. गालाची कातडी गुलाबी, ताणलेली. ओठाचा एक कोपरा खाली ओढला गेला होता.

"ये. किती दिवसांनी आलास!" ती म्हणाली. "सुफियान, जा, खालून दूध आण. चहा करू."

सुफियान गेला. एकनाथ खुर्चीच्या कडेवर बसला. पंख्याचा आवाज येत होता. त्यानं खाली बघतच बोलायला सुरुवात केली.

"भाभी, लोक म्हणतात तसं नाहीये ते. मी तुमची लाज राखायला नव्हतो थांबलो. मला माझी पडली होती. कुणी तक्रार केली तर नोकरी जाईल, व्हिसा जाईल. मला माहीत होतं पाणी ओतायला हवं. साखळी हातात होती माझ्या. तुम्ही नको म्हणालात आणि..." त्यानं मांडीवरचा खजुराचा डबा बाजूला ठेवला. "आणि मला बरं वाटलं."

"मना ठावं हाय," ती म्हणाली.

एकनाथनं वर बघितलं.

"तुझं तोंड बघत होते मी. मी नको बोलले नि तू सुटल्यासारखा झालास. बाईला कळतं ते."

"मग तुम्ही चौकशीत... कुणाला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगू?" तिनं ओढणी नीट करायचा प्रयत्न केला. बोटं वळत नव्हती. "माझा पोरगा रोज सकाळी या तोंडाकडे बघून कामावर जातो. आईनं अब्रू सांभाळली, नि गावाकडच्या एका भल्या माणसानं ती सांभाळू दिली, असं समजून जातो. त्या एका गोष्टीवर उभा हाय तो. नि खरं सांगू, मी पण. आता त्याला सांगू, की बाबा, तो माणूस घाबरला म्हणून तुझी आय जळली? मग या तोंडाचं मी काय करू?"

एकनाथच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पुसायचंही त्याला सुचेना.

"तू बोललास, मी ऐकलं. खलास," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. "पण दुसऱ्या कुणाला बोलू नको. बायकोला पण नाय. तू बोललास तर तुला हलकं वाटेल. माझ्याकडे काय राहील?"

जिन्यात पावलं वाजली. एकनाथनं घाईघाईनं तोंड पुसलं. सुफियाननं चहा केला, आईचा कप स्वतः तिच्या ओठांशी धरला. तिघं समोरच्या किनाऱ्याविषयी, फेरीबोटीविषयी, औंदाच्या आंब्याविषयी बोलले. निघताना खुदेजा म्हणाली, "विशाखाला घेऊन ये एकदा," जशी कुणालाही म्हणाली असती.

सुफियान त्याला सोडायला खाली आला. इमारतीखाली चहाच्या टपरीबाहेर संध्याकाळची माणसं बसली होती, दापोली-मंडणगडकडची, दोन-तीन बलुची. सुफियाननं एकनाथचा हात हातात घेतला होता. तो त्यानं सोडलाच नाही.

"हेच ते एकनाथभाऊ," तो अभिमानानं म्हणाला.

बसलेली माणसं उठून उभी राहिली. पांढऱ्या दाढीच्या एका म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवून मान लववली आणि आपली प्लास्टिकची खुर्ची फडक्यानं पुसून पुढे केली.

"बसा," तो म्हणाला.

एकनाथला तिथून पळून जावंसं वाटलं. त्यानं वर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं. पडद्याआड कुणी उभं आहे की नाही, ते दिसत नव्हतं.

तो बसला. तो नीट टेकेपर्यंत बाकीचे उभेच राहिले.